उडालेल्या खलाशाबरोबर आठ मिनिटं



आपण रायपूरची मराठी माणसं मुळात कानाचे प्रेक्षक आहोत. चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळात नाटक पाहून तात्यापाऱ्याकडे परतणारं कुटुंब वाटेत काय बोलतं ते आठवून पाहा. अमुक वाक्याला टाळी पडली, तमक्याचा आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचला नाही, पद छान झालं. दुसऱ्या अंकात खिडकी डावीकडे होती की उजवीकडे, असं कुणी विचारलं तर सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. यात कमीपणा काही नाही. संगीत नाटकावर पोसलेली जात आहे आपली. पण त्यामुळे एखाद्या चित्रपटात कुणी बोलेचना, तर दोन मिनिटांत आपली चुळबुळ सुरू होते.

म्हणून आज मुद्दाम अशाच एका चित्रपटाबद्दल बोलणार आहे. नाव 'द फ्लाइंग सेलर', म्हणजे उडालेला खलाशी. कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डाने २०२२ साली काढलेला हा अ‍ॅनिमेशनपट जेमतेम आठ मिनिटांचा आहे. वेंडी टिल्बी आणि अमँडा फोर्बिस या दोघींनी तो केला आणि २०२३च्या ऑस्करसाठी त्याला नामांकनही मिळालं. यात ना कुणी बोलतं, ना पाठीमागून कुणी निवेदन करतं.

आधी घटना सांगते, कारण चित्रपट ती फारशी सांगत नाही. ६ डिसेंबर १९१७. पहिलं महायुद्ध चालू आहे. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर हॅलिफॅक्स नावाचं बंदर. तिथल्या चिंचोळ्या खाडीत सकाळी पावणेनऊच्या सुमारास दोन जहाजं एकमेकांवर आदळली. एक नॉर्वेचं 'इमो', दुसरं फ्रान्सचं 'माँ ब्लाँ'. 'माँ ब्लाँ'च्या पोटात टीएनटी, पिक्रिक अ‍ॅसिड आणि गनकॉटन ठासून भरलेलं होतं आणि वर डेकवर बेंझॉलची पिंपं होती. स्फोटकं असल्याची खूण म्हणून लावायचा लाल बावटा जहाजावर नव्हता. बेंझॉलने पेट घेतला. खलाशी होड्यांत उतरून पळाले आणि जळतं जहाज वाहत वाहत धक्क्याला येऊन टेकलं. सुमारे वीस मिनिटं ते जळत होतं, आणि लोक बघत होते. कुणी रस्त्यावर जमले, कुणी घरातल्या खिडकीच्या काचेला नाक लावून उभे राहिले. नऊ वाजून चार मिनिटांनी जहाज फुटलं. त्या एका दणक्याने आणि पाठोपाठच्या आगींनी सुमारे १,८०० माणसं मारली, नऊ हजारांच्या आसपास जखमी केली. खिडकीतून बघणाऱ्यांच्या डोळ्यांत काचा घुसल्या. डोळ्यांच्या इतक्या जखमा एका गावात एका दिवशी क्वचितच झाल्या असतील.

आपल्याला हे सगळं ओळखीचं वाटायला हवं. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' हे जहाज असंच पेटलं. त्यात सुमारे १,४०० टन स्फोटकं, कराचीत चढवलेल्या कापसाच्या हजारो गाठी आणि सोन्याच्या विटा. दुपारी चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा. गोदीचं घड्याळ तिथेच थांबलं. पार सिमल्याच्या भूकंपमापकावर त्या हादऱ्याची नोंद झाली. आग विझवायला गेलेले ६६ जवान गेले. दर वर्षी १४ एप्रिलपासून देशभर जो अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात तो त्यांच्यासाठी. आपल्या रायपूरच्या फायर स्टेशनवरही तो होतो.

आता चित्रपटाकडे येऊ. हॅलिफॅक्सच्या सागरी संग्रहालयात टिल्बी आणि फोर्बिस यांना एका खलाशाची हकीकत मिळाली. चार्ल्स मेयर्स हा तिथल्या एका ब्रिटिश जहाजावरचा अधिकारी. स्फोटाने त्याला उचललं आणि लांब एका टेकडीवर नेऊन टाकलं. चित्रपटकर्त्या दोन किलोमीटर म्हणतात. तो जिवंत राहिला. अंगावरचे कपडे उडून गेले, फक्त बूट उरले. त्याच्या सांगण्याप्रमाणे, शुद्धीवर आल्यावर त्याला जवळ एक लहान मुलगी दिसली. आपण कुठे आहोत, असं त्याने तिला विचारलं. तिलाही ठाऊक नव्हतं, ती रडत होती.

शेकडो कहाण्यांमधून त्यांनी ही एक निवडली, आणि रसग्रहणाला मी इथूनच सुरुवात करते. हॅलिफॅक्सचा सर्वांत प्रसिद्ध माणूस हा खलाशी नाही. तो मान रेल्वेच्या व्हिन्स कोलमनचा. जहाजात दारूगोळा आहे हे कळल्यावरही तो तारयंत्रापाशी थांबला, येणाऱ्या गाड्या रोखायला तार पाठवली, आणि मेला. कुठल्याही पटकथालेखकाने त्यालाच उचललं असतं. पण कोलमनचा पराक्रम शब्दांचा आहे. तार वाचल्याशिवाय तो कळत नाही. खलाशाने मात्र काहीच केलं नाही. तो उडाला, एवढंच. जो काही करत नाही त्याच्याकडे निव्वळ बघता येतं, आणि मुक्या चित्रपटाला असाच माणूस लागतो.

पाहताना पहिल्यांदा लक्ष द्या ते वेळेकडे. सुरुवातीला जहाजांची टक्कर हलक्याफुलक्या संगीतावर होते, जवळजवळ विनोदी. खलाशी धक्क्यावर उभा आहे, इतरांसारखा तोही बघतोय. आपणही बघतोय, आणि आपल्यालाही गंमत वाटते. काचेला नाक लावलेल्या त्या लोकांच्या रांगेत या दोघींनी आपल्यालाही उभं केलं आहे, हे आपल्या उशिरा ध्यानात येतं. मग स्फोट. आणि एकदम सगळं मंदावतं. प्रत्यक्षात काही सेकंदांत संपलेलं उड्डाण पडद्यावर मिनिटं खातं. गुलाबी, गुबगुबीत, उघडा माणूस धुरातून आणि ढिगाऱ्यातून गिरक्या घेत सावकाश वर जातो. मध्येच क्षणभर त्याच्या आयुष्याचे तुकडे चमकून जातात: बालपण, समुद्र, मारामाऱ्या. ते ओळखायला पुरेसा वेळही आपल्याला मिळत नाही. शहर खाली राहतं, ढग खाली राहतात, तो पार अवकाशात पोचतो. तिथून त्याला परत फिरावं लागतं.

वेळ अशी ताणायची कला आपल्या शास्त्रीय गायकांना ठाऊक आहेच. पण अ‍ॅनिमेशनमध्ये ती वेगळ्या कष्टाने येते. कॅमेऱ्याने टिपलेल्या दृश्याचा वेग कमी करता येतो. इथे टिपायला मुळात काही नाही, त्या माणसाच्या उड्डाणाची एक फूटही फिल्म अस्तित्वात नाही. मंद गतीची प्रत्येक गिरकी कुणीतरी ठरवून बनवलेली आहे. टिल्बी आणि फोर्बिस यांनी संगणकावर घडवलेल्या आकृत्या, हाताने काढलेली चित्रं, जुने फोटो आणि प्रत्यक्ष चित्रीकरण असं सगळं एकत्र कालवलं आहे. रसिकाने हे सांधे शोधावेत. आठवणींचे तुकडे उड्डाणाहून वेगळ्या पोताचे का आहेत, हा प्रश्न स्वतःला विचारून पाहा.

उघड्या अंगाचं काय, असं घरातली वडीलधारी विचारतील. तर त्या अंगात चावटपणा शोधू नका. गणवेश होता तोवर तो खलाशी होता, युद्धातला एक माणूस. कपडे गेल्यावर तो फक्त एक मऊ देह उरतो, आणि त्याला काही लागलं तर, ही धाकधूक आपल्याला वाटू लागते. छत्तीसगडच्या प्रेक्षकाला हे अवघड जाऊ नये. तीजनबाईंच्या हातातला तंबोरा भीमाची गदा झाला, धनुष्य झाला, तेव्हा हा तर तंबोराच आहे अशी तक्रार आपण कधी केली नाही. वस्तूचं रूप पालटताना बघायला आपले डोळे इथल्या पंडवानीने तयार केलेले आहेत. ते डोळे फक्त या पडद्याकडे वळवायचे आहेत.

आता खटकणारी गोष्ट. जवळजवळ दोन हजार माणसं मेली त्या घटनेवर हसू येईल असा चित्रपट काढावा का? मी या प्रश्नाशी बराच वेळ अडले. हॅलिफॅक्सच्या समोर, खाडीपलीकडे डार्टमथच्या बाजूला मिकमॅक आदिवासींची वस्ती होती. स्फोटाने उसळलेल्या लाटेने ती धुऊन नेली. ती माणसं या आठ मिनिटांच्या केंद्रस्थानी नाहीत. आणि आपल्यासाठी हा प्रश्न पुस्तकी नाही. १९८४च्या डिसेंबरमध्ये भोपाळमध्ये विषारी वायू पसरला तेव्हा भोपाळ आपली राजधानी होती. रायपूरच्या घराघरांतलं कुणी ना कुणी कचेरीच्या कामाने तिथे जाऊन-येऊन असे. भोपाळवर कुणी गिरक्या घेणारा गुलाबी माणूस काढला असता तर आपण तो सहन केला असता का? मी तरी केला नसता.

रायपूरच्याच मातीतले हबीब तन्वीर भोपाळकडे वळले तेव्हा त्यांनी 'जहरीली हवा' हे नाटक रंगभूमीवर आणलं, आणि ते शब्दांचं नाटक होतं. त्याचं कारण मला असं दिसतं की तिथे बोट दाखवायचं होतं. चित्र रडवील, हसवील, थरकाप उडवील, पण दोषी अमुकच, हे सांगायला त्याला शब्दच उसने घ्यावे लागतात. अ‍ॅनिमेशनचा एक आद्य कलावंत विन्सर मॅके याने १९१८ साली 'लुसिटानिया' जहाजाच्या बुडण्यावर चित्रपट काढला, सुमारे २५ हजार चित्रं काढून. १९१५ साली जर्मन पाणबुडीने ते प्रवासी जहाज बुडवलं, जवळजवळ १,२०० माणसं गेली. मॅकेच्या रेखाटनातला धूर आणि पाणी आजही थक्क करतं. पण त्याला जर्मनीवर आरोप करायचा होता, म्हणून मध्ये मध्ये जळजळीत मजकुराच्या पाट्या आल्या. आज चित्रं ताजी वाटतात, पाट्या शिळ्या. (त्याच सुमारास आपले दादासाहेब फाळके आगपेटीच्या काड्या नाचवत 'आगकाड्यांची मौज' करत होते. आपणही या खेळात फार मागे नव्हतो.)

हॅलिफॅक्सचा खटला कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयातून लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि निकाल लागला की दोन्ही जहाजं सारखीच चुकली. शिक्षा कुणालाच झाली नाही. शंभरहून अधिक वर्षं लोटली. आरोप करायला कुणी उरलं नाही तेव्हा या दोघींनी शब्द काढून घेतले, आणि मला ते योग्य वाटतं. भोपाळच्या बाबतीत ती वेळ अजून आलेली नाही, कधी येईल तेही मला सांगता येणार नाही.

एक सूचना. हा चित्रपट इंटरनेटवर सहज सापडतो. पहिल्यांदा आवाजासकट पाहा, मोबाइल उभा धरून नको, शक्य तितक्या मोठ्या पडद्यावर. दुसऱ्यांदा आवाज बंद करून पाहा. लुइजी अलेमानो यांच्या संगीताने आपल्याला कुठे हसायला सांगितलं होतं आणि कुठे धीर दिला होता ते तेव्हा कळेल. तिसऱ्यांदा पडद्याकडे पाठ करून नुसतं ऐका, कानाच्या प्रेक्षकांचा तेवढा हक्क आहेच. आणि शेवट पाहताना खऱ्या मेयर्सला भेटलेली ती रडणारी मुलगी मनात असू द्या.

मुंबईच्या गोदीवर असा चित्रपट कुणी काढायला घेतला तर बहुतेक जण सोन्याच्या विटेमागे लागतील. कारण ती हकीकतही उड्डाणाचीच आहे: जहाजातली बारा-तेरा किलोंची वीट मैलभर लांब एका पारशी गृहस्थाच्या घराचं छप्पर फोडून आत पडली, आणि त्याने ती इमानाने परत केली. सांगायला बहारदार, पण काढायला मला ती पोकळ वाटते. खलाशाचं उड्डाण आपल्याला धरून ठेवतं ते त्याच्या मागे आयुष्य आहे म्हणून. विटेला नुसता नंबर असतो. त्यापेक्षा मी कापसाची गाठ घेईन. शेतातलं बोंड, वेचणाऱ्या बायकांचे हात, सरकी काढणारं यंत्र, कराचीचा धक्का, जहाजाचं तळघर, सगळं तिच्या मागे आहे. त्या दुपारी पेटलेला कापूस आकाशातून मुंबईच्या वस्त्यांवर कोसळला आणि त्याने घरं पेटवली. पांढरा कापूस रंगवणं सोपं, पेटलेला कापूस रंगवणं महाकठीण. इथल्या कला महाविद्यालयातल्या कुणा मुला-मुलीने प्रयत्न करायचा ठरवला तर पहिल्या चित्रात बोंडच काढावं, जहाज नको, एवढंच माझं सुचवणं आहे.