आपल्या सूर्याचा शेजार
(विहाराच्या वर्धापन दिनी झालेले भाषण)



आजच्या कार्यक्रमात आम्हाला आकाशाविषयी बोलायला सांगितले, याचा आनंद वाटतो. पण आकाश एवढे अफाट, ते अर्ध्या तासात मावायचे कसे? म्हणून बाकीचे विश्व बाजूला ठेवू आणि आपल्या गल्लीपुरते, म्हणजे सूर्याच्या शेजारापुरतेच बोलू.

सूर्य एका जागी उभा नाही. सगळे ग्रह बरोबर घेऊन तो आकाशगंगेच्या केंद्राभोवती फिरतो. एका फेरीला सुमारे तेवीस कोटी वर्षे लागतात. भाड्याने राहणाऱ्या माणसासारखा त्याचाही शेजार बदलत असतो. आज आपण ज्या भागात आहोत तो भाग बराच रिकामा आहे. ताऱ्यांच्या मधल्या जागेत विरळ वायू आणि धूळ असते, पण आपल्याभोवती ती सरासरीच्या दहाव्या हिश्श्याइतकीच आहे. ही पोकळी सुमारे १००० प्रकाशवर्षे रुंद आहे. एक प्रकाशवर्ष म्हणजे साडेनऊ लाख कोटी किलोमीटर. मुलांनी घरी जाऊन हिशेब करावा! शास्त्रज्ञ या पोकळीला स्थानिक बुडबुडा म्हणतात.

मग ही जागा झाडून कोणी काढली? कॅथरीन झुकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ साली याचे उत्तर मांडले. गाया नावाच्या युरोपीय अंतराळ दुर्बिणीने २०१४ ते २०२५ या काळात अब्जावधी ताऱ्यांची मोजणी केली. त्या मोजणीतून तारे कुठे आहेत आणि कोणत्या वेगाने कुठे चालले आहेत ते कळते. या शास्त्रज्ञांनी गणिताने काळाचे चाक उलटे फिरवले. तेव्हा दिसले की सुमारे १ कोटी ४० लाख वर्षांपूर्वी या ठिकाणी मोठमोठे तारे फुटायला लागले. एकामागून एक असे अंदाजे पंधरा स्फोट झाले. त्यांच्या धक्क्याने वायू चहूबाजूंना ढकलला गेला. तव्यावरची भाकरी फुगते तेव्हा आत पोकळी होते आणि पापुद्रा वर येतो ना, तसेच. त्या पापुद्र्यात दाटलेल्या वायूतून नवे तारे जन्मले आणि अजूनही जन्मत आहेत. आपला सूर्य तेव्हा बाहेर होता. तो सुमारे ५० लाख वर्षांपूर्वी आत शिरला, आणि सध्या जवळजवळ मध्यावर आहे. हा निव्वळ योगायोग बरं का, कोणी आपल्याला मध्ये नेऊन बसवलेले नाही.

आता कोणी म्हणेल, एवढ्या जुन्या गोष्टीला साक्षीदार कोण? साक्षीदार समुद्राच्या तळाशी आहे. मोठा तारा फुटतो तेव्हा लोह-६० नावाचे किरणोत्सारी लोखंड बाहेर फेकले जाते. सव्वीस लाख वर्षांत ते निम्मे होते, पुढच्या सव्वीस लाखांत त्याचेही निम्मे. पृथ्वीचे वय साडेचार अब्ज वर्षे. तेव्हा जन्माच्या वेळचे असे लोखंड पृथ्वीवर आज शिल्लक राहणेच शक्य नाही. जे सापडेल ते नंतर बाहेरून आलेले. १९९९ साली म्युनिकच्या शास्त्रज्ञांना ते पॅसिफिक महासागराच्या तळावरील खडकाच्या थरात सापडले. हा थर दहा लाख वर्षांत जेमतेम दोन-तीन मिलिमीटर वाढतो. त्यात वीस ते तीस लाख वर्षांपूर्वीच्या थरात हे लोखंड जास्त भरले. पुढे चंद्रावरून आणलेल्या मातीतही ते मिळाले. एवढेच नव्हे, दक्षिण ध्रुवाकडचा ५०० किलो ताजा बर्फ वितळवून पाहिला, तर २०१९ साली त्यातही असे अणू निघाले. हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकेच, पण निघाले. म्हणजे ताऱ्यांची ती राख अजूनही आपल्या अंगणात पडते आहे.

आता जरा घरातले बोलू. फुटलेले ते तारे ज्या मोठ्या कुटुंबातले होते, त्याच कुटुंबातला एक तारा आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे. मे महिन्यात रात्री दहाच्या सुमारास आग्नेयेला विंचवाच्या आकाराच्या चांदण्या दिसतात, त्यांच्यामध्ये तांबूस असा तारा. तो ज्येष्ठा. या नक्षत्रावर जन्मलेली मुलगी थोरल्या दिराला वाईट, असे म्हणतात. त्या एका शब्दावरून मोडलेली स्थळे आम्ही पाहिली आहेत, आणि पत्रिका मानत नाही म्हणणाऱ्या घरांतही हळूच चौकशी होते, हेही ठाऊक आहे. मुलगी ज्येष्ठावर जन्मली म्हणजे काय? तिच्या जन्मवेळी चंद्र त्या ताऱ्याच्या दिशेला दिसत होता, बस. चंद्राचा प्रकाश सव्वा सेकंदात पोचतो. ज्येष्ठाचा प्रकाश पोचायला सुमारे ५५० वर्षे लागतात. म्हणजे त्या रात्रीचा तांबडा उजेड निघाला तेव्हा मुलगीही नव्हती, दीरही नव्हता, आणि पत्रिका पाहणाऱ्याचा खापरपणजोबाही नव्हता! ताऱ्यांचा पृथ्वीशी संबंध नाही असे आम्ही म्हणत नाही. तो आहेच, पण समुद्रतळाच्या लोखंडात आहे, आणि प्रयोगशाळेत मोजून दाखवता येतो.

ज्येष्ठाचाही एक दिवस असाच स्फोट होणार आहे. तो एवढा अवाढव्य आहे की सूर्याच्या जागी ठेवला तर मंगळाची कक्षाही त्याच्या पोटात जाईल. असे तारे फार जगत नाहीत. पण भिण्याचे कारण नाही. पृथ्वीला धोका व्हायला स्फोट काही दशक प्रकाशवर्षांच्या आत व्हावा लागतो, आणि ज्येष्ठा त्याच्या कितीतरी पलीकडे आहे. उद्या होईल की लाखो वर्षांनी, हे कोणी सांगू शकत नाही. झाला तर तो तारा काही आठवडे भर दिवसाही दिसेल.