दोषी कोण आणि कारण काय?

(मंचाच्या मासिक बैठकीत केलेलं भाषण. बैठकीला येऊ न शकलेल्या सभासदांसाठी मजकूर इथे देत आहे.)



अंधश्रद्धा, आरक्षण, शेतीचे प्रश्न अशा विषयांनंतर आज मी फुटबॉलवर बोलणार म्हटल्यावर काहींना हसू आलं. येऊ द्या. मी 2007 पासून मँचेस्टरमध्ये संशोधन करतो. पण माणसं कार्यकारणभावाचा विचार कसा करतात, हे मला प्रयोगशाळेपेक्षा तिच्या शेजारच्या चहाच्या खोलीत जास्त कळलं.

मी मूळचा कोल्हापूरचा. त्यामुळे फुटबॉल मला नवा नव्हता. आमच्याकडे तालमींचे संघ असतात: पाटाकडील, दिलबहार, खंडोबा. शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठेपेठेत ईर्षा. हरल्यावर दुसऱ्या पेठेतून सायकल न्यायची पंचाईत. त्यामुळे लॅबमधल्या पहिल्याच दिवशी कुणीतरी "तू कुणाचा?" असं विचारलं, तेव्हा प्रश्न ओळखीचा वाटला. मी युनायटेड म्हणालो. त्या वर्षी ते विजेते होते, आणि परक्या गावात जिंकणाऱ्याच्या बाजूला उभं राहणं सोयीचं असतं. सिटीवाले सहकारी माझ्याकडे बघून हसले.

2013 मध्ये अॅलेक्स फर्गसन निवृत्त झाले. 26 वर्षांत 13 लीग विजेतेपदं. त्यांच्यानंतर आलेल्या डेव्हिड मॉइसना सहा वर्षांचा करार मिळाला आणि दहा महिन्यांत नारळ मिळाला. लुई व्हान हाल यांना 2016 मध्ये एफए कप जिंकल्यावर दोन दिवसांत काढलं. मग मोरिन्यो, सोल्शायर, टेन हाग. 2024 च्या नोव्हेंबरमध्ये रुबेन अमोरिम आले आणि त्या हंगामाअखेर क्लब 15 वा आला. 1973-74 मध्ये खालच्या विभागात घसरल्यानंतरची ही सगळ्यात वाईट कामगिरी.

या काळात चहाच्या खोलीतली चर्चा एकाच चालीवर चालायची. नवा मॅनेजर पहिले दोन महिने तारणहार, वर्षभरात मूर्ख. मॉइस भित्रे, व्हान हाल हेकट, मोरिन्यो भांडखोर, सोल्शायर नुसतेच सज्जन. आणि शेवटी उसासा: फर्गसन असते तर!

मीही यात हिरिरीनं भाग घ्यायचो. दिवसभर आकडेवारीची काटेकोर चिकित्सा करणारा मी, चहाचा कप हातात आला की "या माणसाला आधी हाकला" म्हणायचो.

मॅनेजर बदलल्यानं खरंच फरक पडतो का? बास तेर वील या डच अर्थशास्त्रज्ञांनी नेदरलंड्सच्या लीगमधल्या 1986 ते 2004 या काळातल्या बदलांचा अभ्यास केला. मॅनेजर काढल्यावर संघ सुधारतो, हे खरं. पण तितकाच घसरलेला आणि तरीही मॅनेजर न बदललेला संघसुद्धा साधारण तितकाच सुधारतो. ताप सर्वांत चढलेला असतो तेव्हाच आपण बुवाकडे जातो. ताप पुढे उतरणारच असतो. श्रेय अंगाऱ्याला जातं.

यावर काही जण म्हणतात, फर्गसनना वेळ दिला म्हणून ते घडले. तेही तपासून पाहू. 1989 च्या डिसेंबरमध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर एका चाहत्यानं त्यांना निरोप देणारा फलक फडकवला होता. त्या हंगामात क्लब 13 वा होता. तरी ते टिकले आणि पुढचा इतिहास घडला. पण वेळ मिळूनही काहीच न जमलेले मॅनेजर किती असतील? त्यांचे पुतळे उभे राहत नाहीत, म्हणून ते आपल्या हिशेबात येत नाहीत.

मग कारण कुठे आहे? 2005 मध्ये ग्लेझर कुटुंबानं सुमारे 79 कोटी पौंडांना हा क्लब घेतला. त्यातला मोठा भाग कर्जाचा होता आणि त्याचा बोजा क्लबवरच आला. म्हणजे विहीर विकत घ्यायची आणि तिच्यासाठी काढलेल्या कर्जाचे हप्ते तिचंच पाणी विकून फेडायचे. निषेध म्हणून काही चाहत्यांनी त्याच वर्षी स्वतःच्या मालकीचा वेगळा क्लब काढला, एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर.

पण इथेही सावध राहायला हवं. याच मालकांच्या काळात फर्गसननी पाच वेळा लीग जिंकली. नंतरच्या काळातही खेळाडूंवर भरपूर पैसा खर्च झाला. म्हणजे "मालकांनी लुटलं म्हणून हरलो" हेही अर्धंच उत्तर. माझं मत असं की क्लबचं सगळं शहाणपण एका माणसात साठलं होतं. 2013 च्या त्याच उन्हाळ्यात मुख्य कार्यकारी डेव्हिड गिलही गेले. खेळाडू कसे निवडायचे हे पाहणारा फुटबॉल संचालक 2021 पर्यंत नेमलाच नव्हता. प्रत्येक मॅनेजर आपल्या पद्धतीचे खेळाडू आणायचा आणि पुढच्याच्या गळ्यात टाकून जायचा. व्यक्तिपूजा ही संस्थेला अशी पोखरते. देव गेल्यावर देव्हारा रिकामा आहे हे कळतं.

1974 ची एक गोष्ट इथे अजून सांगतात. युनायटेडचे लाडके डेनिस लॉ तेव्हा सिटीकडून खेळत होते. त्यांनी टाचेनं गोल मारला, सिटी 1-0 नं जिंकलं आणि युनायटेड खालच्या विभागात गेलं. लॉ आनंद न दाखवता मान खाली घालून उभे राहिले. त्यांनीच आपल्या जुन्या क्लबला बुडवलं असं लोक वर्षानुवर्षं म्हणत राहिले. प्रत्यक्षात त्या दिवशीचे इतर निकाल असे होते की तो गोल झाला नसता तरी युनायटेड घसरणारच होतं.

आता माझी चूक सांगतो. मार्च 2023 मध्ये लिव्हरपूलनं आम्हाला 7-0 नं हरवलं. मी अकरा वर्षांच्या मुलाला घेऊन एका पबमध्ये सामना पाहत होतो. पाचव्या गोलनंतर काही जणांनी हिल्सबरोच्या मृतांची टर उडवणारं गाणं सुरू केलं. आदल्याच दिवशी दोन्ही मॅनेजरांनी असली गाणी म्हणू नका असं संयुक्त आवाहन केलं होतं. मुलगा टेबलावर ठेका धरून गाऊ लागला. मला अर्थ माहीत होता. मी त्याचा हात धरला नाही. सगळ्या गोऱ्या गर्दीत आपण दोघंच वेगळे दिसू नये असं वाटलं, एवढंच.

घरी आल्यावर त्यानं विचारलं, "बाबा, ते गाणं कशाबद्दल होतं?"

मग त्याला सांगितलं. 15 एप्रिल 1989, शेफील्ड. पोलिसांच्या चुकांमुळे झालेल्या चेंगराचेंगरीत लिव्हरपूलचे 97 चाहते गेले. दारू प्यायलेल्या चाहत्यांमुळे हे घडलं असं सांगण्यात आलं. मृतांच्या कुटुंबीयांना 27 वर्षं झगडावं लागलं. 2016 मध्ये ज्युरीनं निर्णय दिला की हे बेकायदेशीर मृत्यू होते आणि चाहत्यांचा त्यात दोष नव्हता. आमच्या लॅबमधल्या लिव्हरपूलच्या तंत्रज्ञांचा मोठा भाऊ त्या दिवशी तिथे होता आणि जिवंत परतला, हेही सांगितलं. मुलगा या काकांना ओळखतो. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "तुम्ही मला थांबवलं का नाही?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

सोमवारी मी त्या सहकाऱ्यांना घडलेलं सगळं सांगितलं. ते चिडले नाहीत. म्हणाले, आमच्यातलेही काही जण म्युनिकवरून गातात. 1958 च्या त्या विमान अपघातात युनायटेडचे आठ खेळाडू गेले होते.

हेच चाहते एकत्रही येतात. एप्रिल 2021 मध्ये सहा इंग्लिश क्लबांच्या मालकांनी युरोपियन सुपर लीग जाहीर केली. एकमेकांचं तोंड न पाहणारे चाहते एका सुरात विरोधात उभे राहिले आणि दोन दिवसांत सहाही क्लबांनी माघार घेतली. पुढे सरकारनं चौकशी नेमली आणि 2025 मध्ये कायदा होऊन मालकांवर लक्ष ठेवणारा स्वतंत्र नियामक आला. मॅनेजर हाकलण्यात जी शक्ती वर्षानुवर्षं खर्च झाली, तिच्या मानानं हे दोन दिवस फार मोलाचे.

आपण इथे बसून महाराष्ट्राबद्दल बोलतो तेव्हाही एखादं नाव पकडतो. याच्यामुळे बिघडलं, तो असता तर वाचलं असतं. आणि मग शेजारच्या जातीवर, शेजारच्या प्रांतावर घसरतो. दोषी सापडला की बरं वाटतं आणि कारण शोधायचं राहून जातं. पुढच्या चर्चेत मी असं करताना दिसलो तर मला तिथेच थांबवा. माझा मुलगाही आज मागच्या रांगेत बसला आहे. त्यालाही मी हे सांगून ठेवलं आहे.

आता प्रश्न विचारा. सिटीवाल्यांना शेवटी संधी मिळेल.