माळव्याची रात्र आणि मोहल्ल्याची हवा

१९४८ च्या जानेवारीत कुमार गंधर्व देवासला आले ते गाण्यासाठी नव्हे, हवेसाठी. क्षयाने फुफ्फुस पोखरले होते. कोरड्या हवेच्या ठिकाणी राहावे असा वैद्यकीय सल्ला होता आणि माळव्याच्या पठारावरचे, समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरांहून उंच असे हे टेकडीच्या पायथ्याचे गाव त्यासाठी निवडले गेले. पुढे स्ट्रेप्टोमायसिन मिळू लागले आणि त्या औषधाने ते बरे झाले, त्यामुळे सारे श्रेय हवेला देणे शास्त्राला धरून होणार नाही. तरी अंथरुणाला खिळलेल्या त्या वर्षांत माळव्याची लोकगीते त्यांच्या कानी आली ती याच हवेवरून, आणि १९९२ साली देह ठेवीपर्यंत त्यांनी देवास सोडले नाही. त्याच देवासचे नाव २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात, हवेची राष्ट्रीय मानके न गाठणाऱ्या शहरांच्या यादीत, भोपाळ, इंदूर आणि उज्जैन यांच्या शेजारी जाऊन बसले.

हवा बिघडली असे सर्वच म्हणतात. किती बिघडली आणि उद्या कशी असेल, हे सांगण्याची रीत मात्र नवी आहे. २०१५ पासून देशात हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक प्रसिद्ध होतो. धूलिकण, ओझोन, कार्बन मोनॉक्साइड इत्यादी आठ प्रदूषकांपैकी जे सर्वांत वाईट ठरेल, त्याचाच अंक शहराच्या नावावर लागतो. पन्नासपर्यंत चांगली, शंभरपर्यंत समाधानकारक आणि चारशेच्या पुढे गंभीर, अशा सहा पायऱ्या आहेत. देवासचा हा अंक भोपाळ चौराह्यावरील स्वयंचलित केंद्रातून येतो. तो चौराह्याचा अंक आहे, ही साधी गोष्ट विसरली जाते. वाहनांच्या वर्दळीतला चौक, टेकडीच्या पायथ्याची वस्ती आणि कारखान्यांच्या कुंपणालगतची चाळ एकच हवा घेत नाहीत. शिवाय धूलिकणांचा अंक चोवीस तासांच्या सरासरीवर काढतात. सकाळी वाचलेल्या आकड्यात कालची दुपारही मिसळलेली असते, आणि दुपारच्या बऱ्या हवेने पहाटेच्या वाईट हवेवर पांघरूण घातलेले असते.

ही पहाट वाईट का, याचे उत्तर माळव्याच्या सर्वांत लाडक्या गोष्टीत दडले आहे. बनारसची सकाळ, अवधची संध्याकाळ आणि माळव्याची रात्र यांची वाखाणणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. निरभ्र आकाश, दिवसाची उष्णता झरझर सोडणारी जमीन, पडलेला वारा आणि अंगाला सुखावणारा गारवा ही त्या रात्रीची लक्षणे. हिवाळ्यात हीच लक्षणे घातक ठरतात. जमिनीलगतची हवा थंड व जड होते, तिच्यावर तुलनेने उबदार हवेचा थर बसतो. शाळेच्या भूगोलात यालाच तापमानाची विपरितता म्हणतात. पातेल्यावर झाकण ठेवावे तसा धूर खाली कोंडतो. शेकोट्या, जाळलेला कचरा, आग्रा-मुंबई रस्त्यावरील मालमोटारी, कारखान्यांचे बॉयलर, सगळ्यांची मिळकत त्या उथळ थरात जमा होते. ऊन चढून जमीन तापली म्हणजे झाकण उघडते, पण तोवर सकाळचे फिरणारे वृद्ध घरी परतलेले असतात आणि मुले शाळेत पोहोचलेली असतात. आरोग्यासाठी पहाटे उठून फिरण्याचा उपदेश करणाऱ्या वडीलधाऱ्यांना हे ऐकून वाईट वाटेल. पण डिसेंबर-जानेवारीतील वाऱ्याविना पहाटेपेक्षा उन्हे वर आल्यानंतरची वेळ बरी.

याच विपरिततेचा अंदाज आदल्या दिवशी बांधता येतो. पुण्याच्या भारतीय उष्णप्रदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१० मध्ये राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने दिल्लीसाठी ‘सफर’ ही यंत्रणा उभी केली आणि २०१३ मध्ये ती पुण्यातही आणली. तिची रीत थोडक्यात अशी: शहराचे लहान चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोनात कोण काय जाळतो याची मोजदाद करायची, त्यावर वारा, तापमान व आर्द्रता यांचे गणित बसवायचे आणि पुढील एक-दोन दिवसांची हवा काढायची. गणित संगणक करतो, मोजदाद मात्र माणसांनाच करावी लागते. कोणत्या गल्लीत कचरा पेटतो, मार्च-एप्रिलमध्ये गव्हाची काढणी झाल्यावर कोणत्या शिवारातली नरवाई पेटते, हे उपग्रहाला अर्धेच दिसते. मोहल्ल्याचा अंदाज मोहल्ल्याच्या नोंदीवाचून मोघम राहतो.

नोंद आणि विश्वास यांची गाठ किती घट्ट असते, हे धार जिल्ह्याने पाहिले. भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यात १९८४ च्या दुर्घटनेनंतर पडून राहिलेला ३३७ टन विषारी कचरा २ जानेवारी २०२५ रोजी बारा बंदिस्त वाहनांतून पीथमपूरला पोहोचला. दुसऱ्याच दिवशी शहर बंद होते आणि दोघांनी आत्मदहनाचा प्रयत्न केला. न्यायालयांत वाद झाले. फेब्रुवारीच्या अखेरीपासून दहा-दहा टनांच्या तीन चाचण्या झाल्या आणि जूनअखेर सर्व कचरा जाळून संपला. धुराड्यातील उत्सर्जन मर्यादेत असल्याचे अधिकाऱ्यांनी वेळोवेळी जाहीर केले. जाळताना चुना मिसळावा लागत असल्याने मूळ कचऱ्याहून वजनाने अधिक राख मात्र मागे उरली.

लोक समजावणीने शांत झाले नाहीत, यात केवळ अज्ञान पाहणे अन्यायाचे आहे. धुराड्याच्या तोंडाशी काय निघाले, हा एक प्रश्न. ते वाऱ्याबरोबर कोणत्या घरावर उतरले, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर दुसऱ्याला चालत नाही. पीथमपुरात सेक्टर दोनमध्ये स्वयंचलित केंद्र आहे. पण लोक ज्याला भीत होते त्या डायॉक्सिनचा त्या निर्देशांकात समावेशच नाही. त्यासाठी नमुने प्रयोगशाळेत पाठवावे लागतात आणि उत्तर यायला दिवस लागतात. शेजारच्या तारपुऱ्यातील माणसाला हवे होते ते उद्या सकाळच्या वाऱ्याविषयीचे एक वाक्य, त्याला समजेल अशा भाषेत आणि आदल्या संध्याकाळी.

वाचनालयांनी शंभर वर्षे देवघेवीच्या वह्या चोख ठेवल्या. पुस्तक कोणत्या तारखेला गेले आणि केव्हा परतले, हे त्यांत शोधले की सापडते. त्यांच्याच शेजारी आणखी एक वही ठेवण्यास खर्च काहीच नाही. तारीख, वेळ, वारा कोणीकडून, धूर कोठून, केंद्राचा त्या तासाचा आकडा, आणि खोकल्यामुळे त्या दिवशी न आलेल्या सभासदांची संख्या. ग्रंथपालाने संध्याकाळी दाराजवळच्या फळ्यावर खडूने उद्याचा अंदाज लिहावा आणि दुसऱ्या दिवशी तो खरा ठरला की खोटा, तेही खालीच लिहावे. पहिला हिवाळा अंदाज बरेचदा चुकतील. चुकलेले पुसू नयेत.