घरच्या जनावराचे औषध : श्रद्धेला शिस्तीची जोड हवी
(खान्देशातील पशुपालक, कार्यकर्ते आणि कुटुंबांसाठीच्या व्याख्यानाची संहिता)



४ ऑगस्ट २०२२ या दिवशी जळगाव जिल्ह्याच्या रावेर तालुक्यातील चिनावल गावी लम्पी चर्मरोगाचा त्या वर्षीचा राज्यातील पहिला रुग्ण आढळला. पुढच्या काही आठवड्यांतच हा रोग महाराष्ट्रभर दिसू लागला. सप्टेंबरमध्ये संपूर्ण राज्य नियंत्रित क्षेत्र म्हणून घोषित झाले, गुरांचे बाजार बंद पडले आणि शेळ्यांच्या देवीची लस गोवंशाला टोचण्याची मोठी मोहीम गावोगाव निघाली. ही लस हाच त्या काळातला खरा आधार होता, हे आधी स्पष्ट केले पाहिजे.

परंतु लस टोचून पशुवैद्यक पुढच्या गोठ्यात जात असे, पुढच्या गावाला जात असे. मागे उरत असे ते अंगभर गाठी आलेले, तापाने फणफणलेले, चारा सोडलेले जनावर आणि त्याच्या शेजारी बसलेले घर. लम्पीच्या विषाणूला मारणारे खात्रीचे औषध नाही. ताप उतरवणे, जखमा स्वच्छ ठेवणे, माश्या, डास, गोचीड दूर ठेवणे, दुसरा जंतुसंसर्ग होऊ न देणे आणि जनावराच्या पोटात काहीतरी जात राहील हे पाहणे, एवढेच हाती असते. म्हणजे अशा रोगात जनावर वाचते ते पुष्कळ अंशी घरच्या शुश्रूषेवर. गोठ्यातली गाय असो, दारातला बैल असो की घरातला कुत्रा, त्याला घरी औषध कसे द्यावे, हा प्रश्न म्हणूनच क्षुल्लक नाही.

परंपरेने हे काम जबाबदारीचे मानले आहे

गाईला माता म्हणणाऱ्या या समाजाने तिच्या औषधोपचाराला हलके मानलेले नाही. विराटाच्या नगरीत अज्ञातवासात गेलेल्या सहदेवाने तंतिपाल हे नाव घेऊन गोरक्षकाचे काम मागितले, तेव्हा आपल्या देखरेखीखाली गाईंना रोग होत नाही, असे त्याने राजाला सांगितले. नकुलाने ग्रंथिक या नावाने अश्वशाळा सांभाळली आणि अश्वचिकित्सेचे ज्ञान हीच आपली पात्रता म्हणून सांगितली. राजपुत्रांना त्यात कमीपणा वाटला नाही.

कौटिल्याने तर याला दंडविधानाची जोड दिली. उपचारातील किंवा औषधातील चुकीमुळे घोड्याचा रोग बळावला, तर उपचाराच्या खर्चाच्या दुप्पट दंड. त्या चुकीने जनावर दगावले, तर त्याच्या किमतीइतका दंड. हाच नियम गाईम्हशी, गाढवे, उंट आणि शेळ्यामेंढ्यांनाही लागू असल्याचे अर्थशास्त्रात नमूद आहे. भावना चांगली होती, ही सबब तिथे चालत नव्हती. आजही चालू नये.

पाजण्याची रीत

खान्देशातल्या कुठल्याही गावात पोट फुगलेल्या बैलाला तेल पाजण्याचा प्रसंग येतो. चार माणसे जमतात, वेसण धरून तोंड आभाळाकडे करतात, कोणी जीभ ओढून धरतो आणि बांबूच्या नळीने तेल घशात ओतले जाते. यात धोका औषधाचा नसून रीतीचा आहे. मान फार उंच झाली किंवा जीभ बाहेर ओढली, की जनावराला नीट गिळता येत नाही. ओतलेले द्रव श्वासनलिकेतून फुप्फुसात उतरते. पोटफुगीतून वाचलेले जनावर मग दोनचार दिवसांनी फुप्फुसाच्या दाहाने मरते आणि घरचे म्हणतात, औषध लागू पडले नाही.

म्हणून तोंड पाठीच्या रेषेपेक्षा किंचितच वर असावे. जीभ मोकळी असावी. नळीचे किंवा बाटलीचे तोंड जबड्याच्या कडेने, दात नसलेल्या फटीतून आत घालावे. घोट घोट द्यावा, प्रत्येक घोट गिळू द्यावा. जनावर खोकले की तत्काळ हात थांबवावा आणि मान खाली सोडावी. जे जनावर आडवे पडले आहे, ज्याला शुद्ध नाही, त्याला तोंडाने काहीही पाजू नये. विल्यानंतर कॅल्शियम उतरून आडवी झालेली गाय याच प्रकारात मोडते. तिची गिळण्याची शक्ती गेलेली असते आणि तिला शिरेतून द्यायचे कॅल्शियमच उठवते. तिथे नळी शोधण्यापेक्षा डॉक्टरांना बोलावण्यात वेळ घालवावा.

घरगुती औषध, पण मोजून

लम्पीच्या काळात राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने पारंपरिक पशुवैद्यकातील काही पाककृती पशुपालकांपर्यंत पोहोचवल्या. त्यातली एक अशी : विड्याची दहा पाने, दहा ग्रॅम मिरी आणि दहा ग्रॅम मीठ वाटून गुळात मिसळायचे. हा एक डोस. पहिल्या दिवशी दर तीन तासांनी एक, दुसऱ्या दिवसापासून दोन आठवडे दिवसातून तीन वेळा, प्रत्येक वेळी ताजा वाटून. तो पाजायचा नाही, थोडा थोडा चारायचा. जखमांसाठी लसूण, कडुनिंब, तुळस, मेंदी, खोकलीची पाने आणि हळद अर्धा लिटर तिळाच्या किंवा खोबरेल तेलात उकळून, गार करून, जखम धुतल्यावर लावायचे. जखमेत अळ्या पडल्या असतील, तर सीताफळाच्या पानांचा लेप.

यातले एकही द्रव्य आपल्या आज्यांना अपरिचित नव्हते. लक्षात घ्यायचे ते वजन, वेळ आणि दिवसांची संख्या. वाटले तेव्हा, वाटले तेवढे दिले, तर ती परंपरा नव्हे. ती परंपरेच्या नावाखालची हयगय आहे. शिवाय ही पाककृती लसीला पर्याय नाही. लस टाळून केवळ पाल्यावर विसंबणाऱ्याने परंपरेचाही मान राखला नाही आणि गाईचाही.

माणसाची गोळी जनावराला नको

जळगाव आणि धुळे शहरांतल्या वसाहतींत आता अनेक घरी कुत्रे किंवा मांजर असते. त्याला ताप आला, ते लंगडू लागले, की घरातल्या औषधांच्या डब्याकडे हात जातो. तिथे फार सावध राहिले पाहिजे. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते, कारण ते औषध पचवून निकामी करण्याची क्षमता मांजराच्या यकृतात जवळजवळ नाही. आयब्रुफेनने कुत्र्याच्या जठरात व्रण होतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. गोळी लाडवात लपवून देणाऱ्यांनी मनुके टाळावेत. तेही कुत्र्याला विषारी ठरू शकतात.

डॉक्टरांनी दिलेली गोळी देताना वरचा जबडा हळुवार धरून ती जिभेच्या मागच्या भागावर ठेवावी, तोंड मिटावे, गळ्यावरून हात फिरवावा आणि गिळल्याची खात्री करावी. मांजराला गोळीमागून थोडे पाणी अवश्य पाजावे. कोरडी गोळी अन्ननलिकेत अडकून तिथे जखम करते. द्रव औषध गालाच्या पिशवीत सोडावे, घशात नव्हे.

जटायूची कथा

जनावराला दिलेले औषध जनावरापाशीच थांबत नाही. याचे सर्वांत दुःखद उदाहरण भारताने अनुभवले आहे. डायक्लोफेनॅक हे माणसाचे वेदनाशामक. स्वस्त, तत्काळ गुण देणारे, म्हणून गुरांनाही सर्रास टोचले जाऊ लागले. उपचारानंतर लवकर मेलेल्या गुरांच्या शरीरात त्याचा अंश राहत असे आणि ते मांस खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत. २००४ मध्ये हे कारण सिद्ध झाले, तोवर फार उशीर झाला होता. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची भारतातील संख्या हजारात एक एवढी उरली.

२००६ मध्ये गुरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आली. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गुरांकडे वळतात, हे पाहून २०१५ मध्ये त्यांचा आकार तीन मिलिलिटरपुरता मर्यादित झाला. २०२३ मध्ये केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅक यांच्यावरही गुरांसाठी बंदी आली. मेलॉक्सिकॅम हा गिधाडांसाठी सुरक्षित पर्याय उपलब्ध आहे. सीतेसाठी लढलेल्या जटायूची कथा घराघरांत सांगणाऱ्या समाजाच्या गोठ्यातून, नकळत का होईना, जटायूच्या कुळावर हे संकट आले. दुधाचेही तसेच आहे. प्रतिजैविक दिलेल्या गाईचे दूध ठरावीक दिवस विकू नये, मुलांना देऊ नये. किती दिवस, ते डॉक्टरांना विचारून घ्यावे.

आता करावयाचे

यासाठी मोठ्या योजनेची गरज नाही. प्रत्येक गोठ्यात एक वही टांगावी : कोणत्या जनावराला, कोणते औषध, किती, केव्हा, कोणाच्या सांगण्यावरून. डॉक्टर आल्यावर पहिल्यांदा ती वही दाखवावी. सांगितलेल्या दिवसांचा उपचार गुण दिसताच मध्येच सोडू नये. प्रत्येक गावातल्या दोन तरुणांनी पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन पाजण्याची योग्य रीत शिकून घ्यावी आणि इतरांना शिकवावी. १९६२ हा पशुआरोग्य सेवेचा दूरध्वनी क्रमांक गोठ्याच्या दारावर लिहून ठेवावा.

वसुबारसेला गाईची वासरासह पूजा होते, पोळ्याला बैलाच्या खांद्याला लोणी लागते. ते होतच राहावे. परंतु ज्या हाताने कुंकू लागते, त्याच हाताला रात्री दोन वाजता उठून मोजून, घोट घोट औषध पाजता आले पाहिजे. गोसेवा त्याशिवाय पुरी होत नाही.