जाब विचारणाऱ्यांसाठी तरतूद



अध्यक्षाने समारोप करताना सर्व वक्त्यांच्या मतांना थोडथोडी मान्यता द्यावी, कोणाचेच मन दुखवू नये आणि सभा आभारप्रदर्शनाच्या हवाली करून मोकळे व्हावे, असा आपल्याकडील शिरस्ता आहे. तो पाळण्याची माझी आज तयारी नाही. सभेपुढील ठराव इतकाच आहे की, ज्या वस्त्यांतील लोक पालिकेच्या कारभारात आजवर केवळ मतदारयादीपुरते उरले, आणि पुष्कळदा तेथेही उरले नाहीत, त्या वस्त्यांत मतदारनोंदणी, अर्ज, हरकती-सूचना आणि अंदाजपत्रकाचे वाचन यांचे शिक्षण देणाऱ्या सेवाभावी संस्थांना मुंबई महानगरपालिकेने आपल्या तिजोरीतून नियमित अनुदान द्यावे. माझ्या आधी बोललेल्या एका विद्वान गृहस्थांनी यास असा आक्षेप घेतला की, करदात्यांचा पैसा गटारे, रस्ते आणि रुग्णालये यांसाठी आहे, लोकांना शहाणे करून सोडण्यासाठी नाही. दुसऱ्या वक्त्यांनी, जे स्वतः एका संस्थेचे चालक आहेत, ठरावास पाठिंबा देताना पालिकेच्या औदार्याचे गोडवे गायिले. मला हा विरोध आणि हा पाठिंबा दोन्ही सारखेच अमान्य आहेत. आणि खरे सांगायचे तर विरोधापेक्षा या पाठिंब्याचीच मला अधिक धास्ती वाटते.

प्रथम विरोधाचा समाचार घेतो. करदाता म्हणजे मालमत्ताकराचे बिल ज्याच्या नावे निघते तो सदनिकाधारक, आणि झोपडीत राहणारा मनुष्य म्हणजे त्याच्या पैशावर पोसला जाणारा आश्रित, ही समजूत या शहराच्या जमाखर्चाशीच जुळत नाही. 1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर लागू होईपर्यंत या महानगरपालिकेच्या उत्पन्नाचा सर्वांत मोठा झरा जकात हा होता, आणि जकात ही नाक्यावरून शहरात येणाऱ्या मालावर पडत असल्याने तो माल विकत घेणाऱ्या प्रत्येकाच्या खिशातून, मग तो मलबार हिलवर राहो की मानखुर्दच्या खाडीकाठी, ती बिनतक्रार वसूल होत असे. आज जकातीच्या ऐवजी शासनाकडून जी भरपाई मिळते तिच्या मुळाशीही तेच खिसे आहेत. घराच्या भाड्यावर आणि करावर मताधिकार तोलण्याची जी पद्धत 1888 च्या मुंबई पालिका कायद्याने चालविली, तिला या शहराने 1948 साली प्रौढ मताधिकाराची निवडणूक घेऊन मूठमाती दिली. कायद्याने जे पुरले ते आपल्या मनातून अद्याप उठून बसते, एवढाच या आक्षेपाचा अर्थ आहे.

शिवाय पालिका लोकसहभागावर खर्च करीत नाही हेही खरे नव्हे. ती करते, फक्त कोणाच्या सहभागाचा अर्थ काय, हे ती माणूस कोठे राहतो ते पाहून ठरविते. गेल्या शतकाच्या अखेरीस या शहरात ‘प्रगत परिसर व्यवस्थापन’ नावाची योजना सुरू झाली, आणि इमारतींतील रहिवाशांच्या समित्यांना विभाग कार्यालयातील अधिकाऱ्यांसमोर बसून कचरा, पदपथ आणि झाडे यांविषयी विचारविनिमय करण्याचा मान मिळाला. योजना चांगली होती, आणि अनेक गल्ल्यांचे तिने कल्याण केले. परंतु त्याच सुमारास झोपडपट्ट्यांसाठी जी ‘दत्तक वस्ती योजना’ आली, आणि 2013 मध्ये जिचे ‘स्वच्छ मुंबई प्रबोधन अभियान’ असे नामांतर झाले, तिने वस्तीतील संस्थांच्या हाती काय दिले? मानधनावर झाडू दिला. इमारतीतल्या नागरिकाने सल्ला द्यावा आणि वस्तीतल्या नागरिकाने गटार उपसावे, ही सहभागाची वाटणी ज्या दप्तरात बसून झाली तेथे कोणाच्याही भुवया उंचावल्या नाहीत. 2011 च्या जनगणनेप्रमाणे या शहराच्या 1 कोटी 24 लाख लोकांपैकी सुमारे 41 टक्के लोक झोपडपट्ट्यांत राहत होते, हे लक्षात घेतले म्हणजे ही वाटणी केवढ्या लोकसंख्येची झाली हे कळेल.

आता कोणी म्हणेल की दार सर्वांना उघडे आहे, ज्याने त्याने यावे. हे उघडे दार मी पाहिले आहे. एका विभाग कार्यालयात आवक-जावकाच्या खिडकीसमोर, घरकामाचा खाडा करून आलेली एक बाई सार्वजनिक शौचालयाच्या तुटलेल्या दारांविषयीचा अर्ज घेऊन उभी होती. कारकुनाने अर्ज वाचला, ‘साहेब राउंडला गेलेत, उद्या या’ असे म्हणून तो परत सरकविला, आणि ती निमूटपणे वळलीही. तिच्याबरोबर आलेली संस्थेची विशीतली मुलगी मात्र हलली नाही. ‘साहेब नसले तरी चालेल, दुसऱ्या प्रतीवर पोच द्या आणि आवक क्रमांक टाका,’ एवढेच ती म्हणाली; आवाज चढवला नाही, ओळख सांगितली नाही. शिक्का पडला. बाईने तो कागद पिशवीत घालण्याआधी शिक्क्यावरची तारीख त्या मुलीकडून दोनदा वाचून घेतली, आणि उत्तर किती दिवसांत यायला हवे हे विचारले. पालिकेकडून उत्तर मिळण्याची मुदत असते ही गोष्ट तिला त्या दिवशी प्रथम कळली असावी. त्या मुलीला महिनाकाठी जे काही मिळते तो खर्च गटारांच्या खर्चाहून वेगळा कसा, हे आमच्या विद्वान मित्रांनी मला समजावून द्यावे. कारण गटार फुटल्याची वर्दी देणारा मनुष्य नसेल तर गटारावरचा खर्च कोठे जातो हे कोणी पाहायचे? आणि कायद्याचाच आधार हवा असेल तर 1888 च्या कायद्याचे कलम 63 उघडून पाहावे: पालिकेने स्वेच्छेने करावयाच्या कामांत लोकांची सुरक्षितता, आरोग्य आणि सोय यांच्या जोडीने त्यांचे शिक्षणही घातलेले आहे.

संविधानाच्या 74 व्या दुरुस्तीने 1993 पासून प्रभाग समित्या आल्या, त्यांवर सेवाभावी संस्थांचे तीनपर्यंत सदस्य घेण्याची सोय आपल्या राज्याने केली. त्या जागांवर संस्थेचा कागद पुढे करून पक्षाचे कार्यकर्ते कसे बसविले जातात हे या सभागृहात कोणास सांगायला नको. 2009 मध्ये मतदारांच्या क्षेत्रसभांचा कायदा झाला, आणि दप्तरात निजला. मार्च 2022 मध्ये तर नगरसेवकांची मुदतच संपली आणि जवळजवळ चार वर्षे नवी निवडणूक झाली नाही. त्या काळात आयुक्तांनी अंदाजपत्रक तयार करावे आणि प्रशासक या नात्याने आयुक्तांनीच ते मंजूर करावे, असा देखावा या शहराने वर्षानुवर्षे पाहिला. 2025-26 चे 74,427 कोटींचे अंदाजपत्रक असेच मंजूर झाले. रस्त्यावर कोणी उतरले नाही. तिकडे पुण्यात 2006-07 पासून पाच लाखांपर्यंतच्या कामांच्या सूचना नागरिकांकडून मागविण्याची प्रथा आहे आणि ती स्तुत्य आहे. पण ज्याला अर्ज भरता येतो त्याच्याच दारापुढचे काम अर्जात येणार, हे उघड असल्यामुळे, शिकविणाऱ्या माणसावाचून ही प्रथाही पुन्हा लिहित्या-वाचत्यांच्याच पंक्तीला वाढते.

हे सारे परदेशी खूळ आहे असाही एक टोमणा मघाशी ऐकू आला. तो मारणाऱ्यांनी महाड आठवावे. 4 ऑगस्ट 1923 रोजी मुंबई विधिमंडळात सीताराम केशव बोले यांनी सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करणारा ठराव संमत करून घेतला. 1924 मध्ये महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. तळे कागदावर खुले झाले आणि काठावर कोणी फिरकला नाही. 1926 मध्ये बोले यांनी पुन्हा ठराव आणला तो असा की, जी स्थानिक मंडळे हा निर्णय अमलात आणणार नाहीत त्यांची सरकारी अनुदाने रोखावीत. म्हणजे नागरी हक्क आणि अनुदान यांची सांगड घालण्याची कल्पना याच प्रांतात शंभर वर्षांपूर्वी मांडली गेली होती. आणि तरीही पाणी ओंजळीत आले ते 20 मार्च 1927 रोजी, डॉ. आंबेडकरांच्या मागून हजारो माणसे स्वतः चालत तळ्यावर गेली तेव्हा. कागदावरचा हक्क आणि प्रत्यक्षातली ओंजळ यांच्यामधले अंतर संघटित, शिकविलेल्या, धीट केलेल्या माणसांनी तोडले. अशी माणसे आपोआप उगवत नाहीत. त्यांच्यासाठी सभा, पत्रके, प्रवास, हिशेब आणि वर्षानुवर्षांची खटपट लागते. तो भार सदैव दरिद्री माणसानेच आपल्या मजुरीतून का उचलावा?

पण महाडची कथा येथे थांबत नाही, आणि येथूनच मला ठरावाच्या समर्थकांशी भांडायचे आहे. 4 ऑगस्ट 1927 रोजी त्याच नगरपालिकेने आपला 1924 चा ठराव रद्द केला. कल्पना करा की त्या सत्याग्रहाच्या संयोजकांना त्याच नगरपालिकेचे अनुदान असते. तर ठरावाबरोबर ते अनुदानही त्याच बैठकीत रद्द झाले असते, आणि कदाचित ते टिकावे म्हणून कोणी तळ्यावर जाण्याची तारीखच पुढे ढकलली असती. हे अनुमान तुम्हांस अतिरंजित वाटत असेल तर जवळचे उदाहरण घ्या. अनधिकृत म्हणून पाणी नाकारलेल्या वस्त्यांसाठी पाणी हक्क समिती याच महानगरपालिकेविरुद्ध उच्च न्यायालयात गेली, आणि डिसेंबर 2014 मध्ये न्यायालयाने पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग मानून अशा वस्त्यांनाही ते देण्यास पालिकेस सांगितले. नागरी शिक्षणाचे यापेक्षा मोठे फळ मला या शहरात दाखवता येणार नाही. परंतु ज्या संस्थेचा मार्चअखेरचा हप्ता पालिकेकडे थकला आहे, तिचा चालक पालिकेविरुद्ध याचिकेवर सही करील काय? मघाशी औदार्याची स्तुती करणारे मित्र करतील काय? ते हसत आहेत. त्यांनी उत्तर द्यावे.

संस्थाचालकांनी आणखी एक ऐकून घ्यावे. वस्तीच्या नावाने मिळालेल्या पैशाचा अहवाल गुळगुळीत कागदावर, इंग्रजीत, छायाचित्रांसह छापून तो देणगीदारांस पाठवायचा आणि वस्तीत मात्र कोणास जमाखर्च दाखवायचा नाही, ही तुमची वहिवाट पालिकेच्या वहिवाटीहून फारशी निराळी नाही. दुसऱ्यास जाब विचारायला शिकविणाऱ्याने पहिला जाब स्वतः द्यावा. आणि तो वस्तीच्या भाषेत द्यावा. मराठीच्या या व्यासपीठावरून मी हे म्हणतो याचे कोणास वाईट वाटले तरी वाटो, पण धारावीत तमिळ आणि गोवंडीत उर्दू बोलणाऱ्या मतदाराला त्याच्या हक्काची नोटीस त्याला कळेल अशा भाषेत मिळाल्याने मराठीचे काडीचेही नुकसान होत नाही.

म्हणून मूळ ठराव मी आहे तसा मतास टाकणार नाही. त्यात माझी दुरुस्ती अशी आहे की, ही रक्कम नगरसेवकाच्या निधीतून अथवा आयुक्तांच्या मर्जीतून न येता अंदाजपत्रकाच्या दर दहा हजार रुपयांस एक रुपया या प्रमाणात कायम शीर्षाखाली यावी. 2025-26 च्या आकड्यांवर ती साडेसात कोटींच्या आत राहते आणि 227 प्रभागांत वाटल्यास प्रभागास सव्वातीन लाखांच्या आसपास पडते, म्हणजे एखाद्या चौकाच्या सुशोभीकरणातही जी रक्कम कोणाच्या नजरेस भरणार नाही तेवढीच. संस्थांची निवड करणाऱ्या मंडळात वस्त्यांच्या प्रतिनिधींचे बहुमत असावे आणि पदावरील नगरसेवक त्यात नसावा. मतदारनोंदणीसाठी दिलेल्या पैशात कोणत्याही उमेदवाराचा प्रचार आढळल्यास अनुदान तत्काळ बंद व्हावे. जमाखर्चाचे वाचन वस्तीत, उघड्यावर, दरवर्षी व्हावे. आणि पालिकेविरुद्ध दावा, तक्रार, मोर्चा वा टीका केल्याच्या कारणावरून कोणाचेही अनुदान कमी, तहकूब किंवा रद्द करता येणार नाही, हे वाक्य करारपत्रात लेखी असावे. बाकीच्या कलमांत शब्द इकडचे तिकडे झाले तर माझी हरकत नाही. हे वाक्य गळणार असेल तर मला सबंध ठराव नामंजूर झालेला चालेल.

चिटणिसांनी दुरुस्तीसह ठराव आता वाचून दाखवावा. मघाच्या दोन्ही वक्त्यांना मी प्रत्येकी पाच मिनिटे देतो. त्यानंतर मत हात वर करूनच घेतले जाईल, आणि विरोधी मते नावानिशी इतिवृत्तात नोंदवली जातील.