दुकानात काय ठेवायचे?
(रिठद येथील बैठकीतील भाषण)



रिठदच्या शेतात तूर पिकते आणि रिठदच्या घरात डाळ विकत येते. 2015 साली डाळ किलोला 200 रुपयांच्या घरात गेली, ती आपण घेतली. 2016-17 च्या हंगामात तुरीचा हमीभाव 5,050 रुपये होता. आपण त्याहून खाली तूर विकली. दोन्ही वेळा खिसा आपलाच कापला गेला. म्हणून गावाचे सहकारी दुकान काढायला आपण बसलो आहोत.

पहिला प्रश्न भांडवलाचा नाही. काय ठेवायचे, हा आहे. सगळेच ठेवायला गेलो तर पैसा फळीवर अडकतो आणि दुकान बुडते.

1844 साली इंग्लंडातील रॉचडेलच्या 28 विणकर-कारागिरांनी 28 पौंड जमवून दुकान उघडले. माल कोणता? लोणी, साखर, गव्हाचे पीठ, ओटचे पीठ आणि थोड्या मेणबत्त्या. चहा-तंबाखू नंतर आले. जे रोज लागते तेवढेच ठेवले, आणि निर्भेळ ठेवले.

1975 साली सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीची रीत आणखी शहाणपणाची. शेजारची कुटुंबे एकत्र येऊन आधी मागणी नोंदवतात, मग घाऊक खरेदी होते. न मागितलेला माल येतच नाही.

आपली यादी मायबहिणींनी ठरवावी. घरात काय संपते ते त्यांनाच ठाऊक. प्रत्येक वस्तूला तीन प्रश्न विचारायचे. घरोघर दरमहा लागते का? टिकते का? गावात तयार होते का? तिन्हींना होकार मिळतो तो तूरडाळीला. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने मिनी डाळ मिल तयार केलेलीच आहे. क्विंटलभर तुरीतून सत्तर-पंचाहत्तर किलो डाळ निघते, चुनी ढोरांना होते.

आता खरी अडचण. तूर घालताना आपल्याला चढा भाव हवा, डाळ नेताना उतरता. भांडण आपलेच आपल्याशी. तेव्हा तूर बाजार समितीच्या त्या दिवसाच्या भावाने घ्यायची आणि डाळीचा हिशेब, तुरीची किंमत, भरडाई, घट, सारे फळ्यावर लिहायचे. गावची तूर म्हणून खडे चालवून घ्यायचे नाहीत. उधारी नाही. आणि बाहेर जास्त भाव मिळाला तर सभासदाने खुशाल बाहेर विकावे. दुकान ही त्याच्या पायातली बेडी नव्हे.

पुढच्या बैठकीला वर्गणी आणू नका. घरच्या महिन्याच्या किराण्याची यादी आणा. दुकान तिथूनच सुरू होईल.