घराजोगें कुत्रें, घराजोगें मांजर

मुलांच्या परीक्षा संपतात, उन्हाळ्याची सुट्टी लागते, आणि पुष्कळ घरांतून एक जुनाच हट्ट नव्यानें उभा राहतो. मुलांना कुत्रें हवें असतें. आई म्हणते, कुत्रें नको, एखादें मांजर चालेल. आजी म्हणते, दोन्ही नकोत. त्यांचें करावयाचें कोणीं? वडील प्रथम मौन धरतात, आणि मग एका संध्याकाळीं निळ्या डोळ्यांचें, दाट केसांचें एक गोजिरवाणें पिल्लूं टोपलींतून घरीं येतें. तेंच कां आलें, तर दिसावयास सुंदर होतें म्हणून. वर्ष उलटण्यापूर्वींच त्या घरांत ‘हें कोणाला देतां येईल काय’ अशी चौकशी सुरू झालेली असते. यांत दोष पिल्लाचा नसतो, आणि घरच्या माणसांचें मनहि वाईट नसतें. दोघांची गांठ घालण्यापूर्वीं जो विचार व्हावयास हवा होता, तेवढा मात्र झालेला नसतो.

सोयरिक जुळवितांना घरचीं वडील माणसें नाकडोळे पाहतात, पण तेवढ्यावर थांबत नाहींत. प्रकृति, राहणी, खाणेंपिणें या सर्वांची विचारपूस करतात. जनावर घरीं आणतांना मात्र नाकडोळ्यांच्या पलीकडे सहसा कोणी जात नाहीं. वास्तविक हा संबंधहि थोड्या दिवसांचा नव्हे. कुत्र्याचें आयुष्य सामान्यतः दहा ते पंधरा वर्षांचें असतें, आणि घरांत जपलेलें मांजर पुष्कळदां त्याहूनहि अधिक जगतें. पहिलींतल्या मुलाच्या हट्टासाठीं आणलेलें पिल्लूं तो मुलगा महाविद्यालयांत जाईपर्यंत घरांत असणार, हें प्रथमच ध्यानांत घेतलेलें बरें.

कुत्र्याची जात म्हणजे बहुधा त्याचा मूळचा धंदा होय. सैबेरियाच्या ईशान्य टोंकाला राहणाऱ्या चुकची लोकांनीं बर्फावरची घसरगाडी ओढण्यासाठीं जीं कुत्रीं जोपासलीं, त्यांच्यापासून आजचें हस्की आलें. १९२५ सालीं अलास्कांतील नोम गांवीं घटसर्पाची सांथ आली, तेव्हां अशाच कुत्र्यांच्या जथ्यांनीं आळीपाळीनें धांवून सुमारें पावणेसातशें मैलांवरून औषध सहा दिवसांच्या आंत तेथें पोंचविलें. सेंट बर्नार्ड हें धिप्पाड कुत्रें आल्प्स पर्वतांतील सुमारें आठ हजार फूट उंचीच्या एका खिंडींतल्या मठांत वाढलें. बर्फांत वाट चुकलेल्या वाटसरूंना हुडकून काढणें हें त्याचें काम. लॅब्रॅडॉरचे पूर्वज न्यूफाउंडलंड बेटावरील कोळ्यांच्या पदरीं होते. थंडगार पाण्यांत उडी घेऊन दोर, जाळीं आणि निसटलेले मासे ते ओढून आणीत. बॅजर नांवाच्या प्राण्याच्या मागोमाग बिळांत शिरतां यावें म्हणून डाक्सहुंडाचे पाय आंखूड राखले गेले आणि पाठ लांब राहिली. इकडे पुष्कळ वर्षें अल्सेशियन म्हणून ओळखलें गेलेलें जर्मन शेफर्ड हें मेंढपाळाचें कुत्रें; माक्स फॉन स्टेफानिट्झ यानें १८९९ सालीं त्या जातीचा पाया घातला.

आज यांपैकीं बहुतेकांचें काम सुटलें आहे. पण त्या कामासाठीं घडलेला देह सुटलेला नाहीं. निवड करणाऱ्यानें पहिला प्रश्न विचारावयाचा तो हाच, कीं हा देह आपल्या गांवच्या हवेंत आणि आपल्या घराच्या चार भिंतींत सुखानें राहील काय?

माणसाला उकडलें कीं सर्वांगाला घाम सुटतो आणि तो वाळतांना अंग निवतें. कुत्र्याला अशी सोय नाहीं. त्याला घाम येतो तो जवळजवळ पायांच्या तळव्यांपुरताच. बाकीची उष्णता तें जीभ बाहेर काढून, भराभर श्वास घेऊन, तोंडांतील व नाकांतील ओलावा वाळवून बाहेर टाकतें. परंतु मुंबईसारख्या समुद्रकांठच्या शहरांत हवाच ओलीचिंब असते. पावसाळ्यांत दोरीवरचे कपडे ज्या कारणानें वाळत नाहींत, त्याच कारणानें कुत्र्याच्या तोंडांतील ओलावाहि लवकर वाळत नाहीं आणि त्याचें अंग निवत नाहीं. अशा हवेंत दुहेरी केसांची लोकर पांघरलेलें हस्की आणणें म्हणजे त्याला जन्मभर एका थंड केलेल्या खोलींत कोंडणें होय. आणि वीज गेली, कीं तेवढाहि आधार संपतो.

चपट्या तोंडाच्या पगाची अडचण याहून बिकट आहे. मनुष्यानें पिढ्यान् पिढ्या निवड करून त्याच्या कवटीचा पुढला भाग आंखूड केला. पण आंतील जीभ, टाळू आणि मऊ मांस त्या मानानें लहान झालें नाहीं. खोली निम्मी केली आणि सामान मात्र पूर्वींचें तितकेंच ठेवलें, तर चालावयास वाट कोठून राहणार? पग झोपेंत घोरतें तेव्हां घरच्यांना कौतुक वाटतें, परंतु पुष्कळदां तें घोरणें म्हणजे श्वासाची ओढाताण असते. एप्रिल-मे महिन्यांतील दुपारीं अशा कुत्र्याला फिरावयास नेणें त्याच्या प्राणावर बेतूं शकतें.

घराच्या रचनेचाहि असाच विचार करावा लागतो. तिसऱ्या मजल्यावर बिऱ्हाड आहे आणि वर नेणारा पाळणा नाहीं, अशा ठिकाणीं लांब पाठीच्या डाक्सहुंडाला दिवसांतून चार वेळां जिने चढावयास लावलें, तर त्याच्या मणक्यांच्या गाद्यांना इजा होण्याची भीति असते. जर्मन शेफर्डमध्यें खुब्याच्या सांध्याचा दोष वारशानें येतो; म्हणून पिल्लाच्या आईबापांचीं खुब्याचीं क्ष-किरण चित्रें पाहूनच तें घ्यावें. लॅब्रॅडॉर मुलांत रमणारें म्हणून नांवाजलेलें आहे, पण त्याची भूक सहसा भागत नाहीं. केंब्रिज येथील संशोधकांनीं २०१६ सालीं दाखवून दिलें, कीं सुमारें चौथाई लॅब्रॅडॉर कुत्र्यांत पोट भरल्याची जाणीव करून देणाऱ्या एका जनुकाचा कांहीं भागच नसतो. ज्या घरांत आजी एक पोळी देते, मुलें बिस्किट देतात आणि मोलकरीण उरलेला भात घालते, त्या घरांत हें कुत्रें थोड्याच काळांत लठ्ठ होतें आणि मग त्याचे सांधे दुखूं लागतात.

देहाविषयीं जात अशी पुष्कळ कांहीं सांगते. स्वभावाविषयीं मात्र लोक समजतात तितकें ती सांगत नाहीं. अमुक जात प्रेमळ, तमुक जात रागीट, अशीं प्रमाणपत्रें विकणारा सहज देतो. परंतु अमेरिकेंतील संशोधकांनीं अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांकडून माहिती गोळा करून, आणि त्यांतील दोन हजारांहून अधिक कुत्र्यांचीं जनुकें तपासून, २०२२ सालीं जो निष्कर्ष प्रसिद्ध केला, तो असा, कीं एका कुत्र्याच्या आणि दुसऱ्याच्या वागण्यांत जो फरक दिसतो, त्यांतील केवळ नऊ टक्क्यांच्या आसपास भाग जातीमुळें समजावून सांगतां येतो. बाकीचा भाग त्या त्या कुत्र्याची घडण, बालपण आणि संगोपन यांचा असतो.

तेव्हां शहाणपणाचा मार्ग असा, कीं देहाकरितां जात पहावी आणि स्वभावाकरितां तें एक जनावर पहावें. पिल्लूं घेण्यापूर्वीं त्याची आई पहावी. ती परक्या माणसाला पाहून दडून बसते, अंगावर धांवते, कीं शेंपूट हालवीत येते, यावरून बरेंच कळतें. एकाच भेटींत निर्णय न करतां दुसऱ्यांदा जावें, आणि मुलांनाहि बरोबर न्यावें. भारतांतील २०१७ च्या नियमांप्रमाणें आठ आठवड्यांहून लहान पिल्लूं विकतां येत नाहीं; या नियमामागें शास्त्र आहे. त्या आठवड्यांत पिल्लूं आईपासून आणि भावंडांपासून दांत कितपत रोंवावयाचे हें शिकत असतें. ज्या घरांत लहान मूल किंवा थकलेले आजोबा आहेत, तेथें पिल्लापेक्षां दोन-तीन वर्षांचें, आश्रयगृहांतील शांत कुत्रें अधिक सोयीचें. त्याचा आकार आणि स्वभाव दोन्ही समोर दिसतात. अंदाज बांधावा लागत नाहीं.

देशी जातींकडेहि लक्ष जावयास हवें. मुधोळचा शिकारी कुत्रा दख्खनच्या पठारावरचा; आंखूड केसांचा, लांब पायांचा, उन्हाला सरावलेला. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं त्याची जोपासना केली, आणि २००५ सालीं भारतीय टपालखात्यानें त्याचें चित्र तिकिटावर छापलें. तथापि देशी म्हणून तो प्रत्येक घराला मानवेलच असें नाहीं. तो मोकळ्या रानांत सशामागें धांवणारा गडी आहे. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत त्याचा कोंडमारा होतो. उलट ज्याला कोणतीहि जात चिकटविलेली नाहीं असें गांवठी कुत्रें मध्यम बांध्याचें, सरळ नाकाचें, आंखूड केसांचें असतें. त्याचा देह याच हवेंत, याच उन्हांत घडलेला आहे. शहरांतील पुष्कळशा कुटुंबांना शोभेल असें जनावर त्यांच्याच गल्लींत हिंडत असतें. केवळ त्याला किंमत पडत नाहीं म्हणून त्याची किंमत कळत नाहीं.

मांजराची गोष्ट थोडी निराळी आहे. उंदीर मारण्याचें काम तें आपल्या मूळच्या देहानेंच उत्तम करी, म्हणून माणसानें त्याचा देह फारसा बदलला नाहीं. मांजरांच्या बहुतेक जाती गेल्या दीडशें वर्षांतल्या आहेत. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्यें १८७१ सालीं मांजरांचें जें मोठें प्रदर्शन भरलें, त्यानंतर ही हौस वाढली. इराणी म्हणजे पर्शियन मांजर स्वभावानें शांत समजलें जातें, पण त्याचे लांब केस रोज विंचरावे लागतात. दमट हवेंत चार दिवस कंटाळा केला कीं जटा होतात. शिवाय त्याच्या मूत्रपिंडांत पाण्याच्या गांठी होण्याचा दोष वंशानें येतो. आईबापांची जनुक-तपासणी करून तो आधींच ओळखतां येतो. सयामी मांजर बडबडें. ज्या घरांत कोणी रात्रपाळी करून दिवसा झोपतें, तेथें तें नको. दुमडलेल्या कानांचें स्कॉटिश फोल्ड तर घेऊंच नये. १९६१ सालीं स्कॉटलंडमधील एका शेतावर आढळलेल्या मांजरीपासून तें आलें, आणि ज्या कूर्चेच्या दोषामुळें कान दुमडतो, तोच दोष त्याचे सांधे जखडून टाकतो. कानाच्या शोभेसाठीं जन्मभर वेदना विकत घेण्याचा हा प्रकार आहे. साधें गांवठी मांजर या सर्व कटकटींतून मुक्त आहे. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनीं मात्र खिडक्यांना जाळी बसविल्याशिवाय कोणतेंहि मांजर आणूं नये.

जेथें मांसाहार वर्ज्य आहे, अशा घरांना आणखी एक गोष्ट सांगावयास हवी. कुत्रें माणसाच्या सहवासांत पिष्टमय अन्न पचविण्यास शिकलें आहे. काळजीपूर्वक आंखलेल्या शाकाहारावर तें राहूं शकतें. मांजर मात्र मांसाशिवाय निभावत नाहीं. टॉरीन नांवाचें एक द्रव्य त्याला अन्नांतूनच मिळावें लागतें, आणि भाजीभाकरींत तें नसतें. त्याच्या अभावीं मांजराची दृष्टि जाते आणि हृदय दुर्बळ होतें. केवळ दूधपोळीवर ठेवलेलें मांजर म्हणजे प्रेमानें उपाशी ठेवलेलें मांजर होय. ज्यांना घरांत मासा किंवा मांसाचें तयार खाद्य आणणें जमणार नाहीं, त्यांनीं मांजराचा मोह आंवरावा, यांत कमीपणा कांहीं नाहीं. कुत्रें बाळगणाऱ्यांनींहि कांदा, लसूण, द्राक्षें, बेदाणे आणि चॉकोलेट त्याच्या तोंडीं लागूं देऊं नयेत. कांद्यानें त्याच्या रक्तांतील तांबड्या पेशी नाश पावतात, आणि महाराष्ट्रांतील रस्सा कांद्याशिवाय होत नाहीं.

शेवटीं सर्व कुटुंबानें एके ठिकाणीं बसून कांहीं साध्या प्रश्नांचीं उत्तरें कागदावर लिहून काढावीं. सकाळीं आणि संध्याकाळीं त्याला बाहेर कोण नेणार? मुलांची शाळा सुरू झाल्यावर कोण नेणार? दिवसांतून किती तास घर बंद असतें? गणपतीला गांवीं जातांना तें कोठें राहील? पिसाळीची लस तीन महिन्यांच्या वयापासून आणि पुढें वेळच्या वेळीं टोंचून घेण्याची जबाबदारी कोणाची? दुखणें आलें तर पशुवैद्याचा खर्च महिन्याच्या हिशेबांत बसतो काय? बहुतेक घरांत या प्रश्नांचें उत्तर एकाच व्यक्तीच्या नांवावर जातें, आणि ती व्यक्ति बहुधा आई असते. तिचा होकार मिळाला नसेल, तर जनावर आणूं नये.

हीं उत्तरें नीट लिहिलीं म्हणजे कोणती जात, हा प्रश्न पुष्कळसा आपोआप सुटतो. कोणाकडे गांवठी कुत्री येईल, कोणाकडे लॅब्रॅडॉर, कोणाकडे कोळणीच्या टोपलीपाशीं जन्मलेलें एखादें मांजर. कांहीं घरांचें उत्तर ‘यंदा नको’ असेंहि येईल. तेंहि मुलांना समजावून सांगावें. कारण मुक्या जीवावरची माया कधीं कधीं त्याला घरीं न आणण्यांतहि असते, हें मुलांनीं लहानपणींच शिकावें यासारखी चांगली गोष्ट नाहीं.